रुमालाखाली

खरसुंडीच्या बाजारात रुमालाखाली
माझा उजवा हात आणि मलकारी बंडगराचा.
तोंडानं त्याच्या लेकीच्या सोयरिकीचं चाललेलं,
बोटं मात्र खोंडाचंच बोलत होती.
चार बोटं धरली की चाळीस हजार,
वर करंगळी उडवली की पाच वाढले.

करंगळी उडाली.
मी उडवली नव्हती.

“दिला!” म्हणत मलकारीनं रुमाल ओढला.
माझ्या गिऱ्हाइकानं चाळीसच मोजले,
वरचे पाच मी घरून आणून दिले.
हेड्याला सांगता येत नाही
की बोट माझं होतं, बोली माझी नव्हती.

रात्री बायको बल्बखाली माझा हात घेऊन बसली.
तळव्याच्या कडेला, कातडीखाली,
पोत्यात उंदीर शिरावा तसं वळवळायचं, थांबायचं.
“कुणाशी सौदा चाललाय?” तिनं विचारलं
आणि हसली नाही.

मिरजेला डॉक्टर मगदूमबाईंनी
सगळ्यांदेखत, रुमालाशिवाय, बोटं धरली.
झोप किती? चहा किती?
चहा मी कधी मोजला नव्हता.
मग कोपराच्या आतल्या हाडामागं टिचकी मारली
अन् करंगळीच्या टोकापर्यंत ठिणगी गेली.
“इथून एक नस जाते,” त्या म्हणाल्या,
“करंगळीची पुरी, शेजारणीची अर्धी.
इथं दबली असेल. किंवा वर मानेत, मणक्यापाशी.
कंपवात वाटत नाही. त्याची एक लय असते,
हात मांडीवर निवांत पडला की धरतो.
नुसता थकवाही असेल. तपासू, मग बोलू.”
भाव काही त्यांनी फोडला नाही.

“कोपर कुठं टेकता?”
मी आठवत बसलो.
तीस वर्षं, गाडीच्या खिडकीच्या पत्र्यावर,
आटपाडी, जत, सांगोला, परत.

तारा लावून करंट दिला
तेव्हा बोटं हुकमानं उडाली.
निदान तेवढा वेळ
कोण उडवतंय ते मला ठाऊक होतं.

रिपोर्ट गुरुवारी. बुधवारी मलकारी आला.
पाच हजारांचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.
म्हणाला, “दाव.”
ओट्यावर, भर उन्हात,
माझा हात आपल्या हातात घेऊन
वाट बघत बसला.
चहा आला. निवला.
करंगळी गप.

“लबाड हाय,” तो म्हणाला,
पण हात सोडला नाही.