तीस पट

सुवा सरोवराच्या काठी, फेब्रुवारीत,
सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
मी खोकं उघडलं.
नमुना क्रमांक चार. बॅटरीसकट चारशे ऐंशी ग्रॅम.
पकड बरी. हातमोजे घातले की
झूमचा खटका सापडत नाही,
हे पहिलं टिपण.

पलीकडचं ओकाया
उघड्या डोळ्यांना नुसती राखाडी रेघ.
दहा पटीला रेघेची घरं झाली,
वीस पटीला घरांना खिडक्या फुटल्या,
तीस पटीला एका गॅलरीत वाळत घातलेली रजई,
तिची कड जांभळी.
रजईची की भिंगाची, ठरवता येईना.
दुरून साजरे दिसणारे डोंगरही
या नळीतून जवळ आले की
कडेला असेच जांभळे पडतात.
हे दुसरं टिपण.

बाबा सोबत आले होते.
पाचला उठतात, घरात काम नसतं.
चव्वेचाळीस वर्षं त्यांनी भिंगं घासली
डांबराच्या थरावर, लालसर पाण्यात,
इतकी, की निवृत्तीनंतर दोन वर्षं
नखांच्या कडा तांबूसच होत्या.
कारखान्यात म्हणायचे,
मोमोसेच्या अंगठ्याला जे कळतं
ते यंत्राला दुपारनंतर कळतं.

आता सूपचा वाडगा ते दोन्ही हातांनी धरतात
आणि आम्ही तेव्हा दुसरीकडे बघतो.
डॉक्टरांनी एक नाव सांगितलंय.
घरात ते कुणी उच्चारत नाही.

तक्त्यात पुढची ओळ होती:
कंपन-निवारण. हातात धरून, पूर्ण झूमवर, साठ सेकंद.
माझा हात हलत नाही.
न हलणाऱ्या हाताने काय तपासायचं?
मी कॅमेरा पुढे केला.
"जरा धरता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग मोजा काढला, भिंग उजेडाकडे तिरकं केलं,
"लेप बरा चढवलाय," म्हणाले.
आणि कोइकेंच्या होडीवर रोखलं.

उकळी फुटायच्या आधी
भांड्यावरचं झाकण थरथरतं तसे हात.
पडद्यावर मात्र होडी
पाण्यात खिळा मारून ठेवल्यासारखी,
कोइके जाळं ओढतायत,
तोंडातून वाफ निघतेय,
चांदीच्या चुऱ्यासारखी मासळी टोपलीत पडतेय.
मी घड्याळ बघत होते. साठ. एकसष्ट.
त्यांनी थांबवलं नाही.

"हे खोटं बोलतं," बाबा म्हणाले.
थोड्या वेळाने:
"छान बोलतं."

रात्री मोठ्या पडद्यावर लावून बघितलं.
पूर्ण एचडी. जाळ्याचा दोर सुटा दिसतो,
दोराचा पीळही दिसतो.
अंधारात थोडा दाणा, पण तो सगळ्यांनाच येतो.
मग आवाज वाढवला.

टक. टक टक. टक.
कंपनीने निरोपाला दिलेलं घड्याळ,
त्याचा पोलादी पट्टा
कॅमेऱ्याच्या अंगावर आपटत होता
ना ठेक्यात, ना थांबत,
पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत.
चित्राने जे पोटात घातलं
ते माइकने जसंच्या तसं ठेवलं होतं.

भिंतीपलीकडे त्यांचा टीव्ही चालू होता, सुमोची कुस्ती.
मी आवाज शून्यावर आणला.
होडी पुन्हा निश्चल.
पुन्हा वाढवला.

अहवालात लिहिलं:
चित्र: स्थिर. पाचपैकी पाच.
ध्वनी: हाताळणीचा आवाज येतो.
मग ते खोडलं. लिहिलं:
वारा नव्हता. सगळं ऐकू येतं.

हा दोष धरायचा की गुण,
तिथला चौकोन अजून कोरा आहे.
सोमवारी द्यायचाय.