कोंबडीचं घड्याळ

ओर्फा लिंडक्विस्ट, वय चौऱ्याहत्तर,
रीनोत तीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
गुरुवारी येते. पर्समधून आधी काढते
अंडी उकडायचं घड्याळ, पिवळ्या कोंबडीचं.
मान पिळते चाळीस मिनिटांवर
आणि ठेवते मशीनच्या कपाळावर.
मग वीस डॉलरची नोट. एकच.

परवा कागद अडकला म्हणून मी दार उघडलं.
ती वाकली. "यात नशीब कुठे बसतं?"
दाखवलं: पंखा, धूळ, वायरींचा गुंता,
तळहाताएवढी हिरवी पट्टी.
इथे आकडे पळत असतात, म्हटलं,
खुर्ची रिकामी असली तरी.
तू बटण दाबतेस, त्या क्षणाचा आकडा उचलला जातो.
नंतर फिरतात ती चाकं म्हणजे वरात,
लग्न केव्हाच लागलेलं असतं.

आमच्यात म्हणतात, कावळा बसायला
आणि फांदी मोडायला एकच गाठ.
इथे तर सेकंदाला शेकडो फांद्या मोडतात,
आपलं बोट तेवढं कावळा.

तिला कावळा आवडला.
"आणि दोन साते येऊन तिसरा हुकतो तो?"
हुकत नाही गं. तो निघालेलाच नसतो.
"खूप वेळ दिलं नाही, म्हणजे आता देईल?"
याला आठवण नाही, ओर्फा.
शंभरातले आठ-दहा ठेवून घेतं,
रागाने नाही, लोभानेही नाही,
नळ ठिबकतो तसं.

कोंबडी वाजली. अकरा डॉलर उरले होते.
चिठ्ठी घेऊन ती उठली, मशीन गातच होतं.

हे सगळं मी नव्या पोरांना फळ्यावर शिकवते.
आणि तरी शनिवारी, शिफ्ट संपवून,
पेट्रोल पंपावर दुधाला थांबलेली मी
कोपऱ्यातल्या मशीनसमोर:
सात. सात.
छातीत काहीतरी उठून उभं राहिलं,
ज्याला फळा वाचता येत नाही.
साठ डॉलर गेले. दूध राहिलंच.

गुरुवारी तिला सांगितलं.
तिने चष्मा पुसला, बराच वेळ.
"स्टॉप चढायच्या आधी ठरवायचा," म्हणाली,
"धावत्या बसमध्ये प्रत्येक स्टॉप
पुढच्यापेक्षा लवकर आलेला वाटतो."

हे घड्याळ कुठे मिळतं, विचारलं.
तिला आठवेना.
दुकानाचं नाव ओठांवर आलं होतं,
तेवढ्यात ते वाजलं.