पुन्हा टाकतो

डुलूथ, जानेवारी, तळघर.
वर धुलाईचं दुकान, म्हणून एकच भिंत उबदार,
आणि मधूनच छतातून
कुणाच्या तरी चादरी पिळल्या जाण्याचा आवाज.

टेबलावर नकाशा, अर्धा पिझ्झा,
आर्विडच्या मुठीत वीस बाजूंचा फासा.
आज तो चोर आहे. एरवी धक्क्यावर
लोहखनिजाची जहाजं भरतो.
समोर एक दार आहे, जे कुठेच नाही.
त्याला एक कुलूप आहे,
जे लेम्पीने मंगळवारी, बर्फ उपसायच्या गाडीत
डबा खाता खाता
एका पावतीच्या पाठीवर रचलं.

चार पडले.
"पुन्हा टाकतो."
सात.
"पुन्हा."

ओडालिस जांभई देते.
रॉस्कोची तलवार म्यानात गंजायला लागते.
मागे कुणी लागलेलं नाही, पुढे कुणी थांबलेलं नाही,
मग टाकत राहिलं की कधीतरी वीस पडणारच.
हे दान मागणं नव्हे,
ही वसुली.

पुठ्ठ्याच्या पडद्यामागून लेम्पीचा हात येतो
आणि फाशावर बसतो. नुसता बसतो.
"ते चार पडले ना, आर्विड,
ते एका खटपटीचे नव्हते.
ती तुझी अख्खी रात्र होती.
तारा वाकवल्यास, कान लावलास, कुलपाच्या आईचा उद्धार केलास,
होतं नव्हतं ते सगळं त्या चारात आलं.
आता सांग, काय बदललं?"

"नशीब," रॉस्को म्हणतो.
"ते बदलत नाही. कूस बदलतं फक्त."

मग ती पाच मेणबत्त्या मांडते,
केकवरच्या, गुलाबी, एक आधीच अर्धी.
"टाकायचंच तर टाक.
दर वेळी एक विझेल.
अंधारात काय येतं, ते मी ठरवलेलं आहे."

आर्विड मेणबत्त्यांकडे बघतो.
मग, पाऊण तासात पहिल्यांदा,
दाराकडे.
"बिजागऱ्या कुठल्या अंगाला आहेत?"

लेम्पी पावती उलटीसुलटी करते.
तिथे अंड्यांचा भाव आहे, बिजागऱ्या नाहीत.
"आपल्या," ती म्हणते, जरा उशिरानेच.

ओडालिसच्या झोळीत अभिषेकाचं तेल निघतं.
रॉस्कोची तलवार शेवटी पहार म्हणून कामी येते.
कुलूप बंदच राहतं, अब्रूनिशी,
दार मात्र भिंतीला टेकवून ठेवलं जातं.

रात्री एक. उणे सव्वीस.
आर्विडचा ट्रक किल्लीला घर्र करतो
आणि थांबतो.
पुन्हा. घर्र.
पुन्हा. आता नुसतं घ.
दर वेळी समोरचे दिवे थोडे पिवळे,
थोडे म्हातारे.

चौथ्यांदा किल्लीकडे गेलेला हात
तो आपणच मागे घेतो.
"काय बदललं?" मफलरच्या आतून रॉस्को.
"गप रे."

लेम्पी तिच्या गाडीतून तारांचं वेटोळं आणते,
थंडीने ताठ, सापाने कात सोडायचं विसरावं तसं.
लाल चिमटा इकडे, काळा तिकडे.
बर्फावर तिची नारिंगी बत्ती फिरत राहते,
चौघांची तोंडं उजळते, विझवते, उजळते.

"थांब," ती म्हणते. "थोडं भरू दे."

ते थांबतात. नाकं पुसतात.
वरच्या दुकानात एक यंत्र अजून फिरतंय.

"आता," ती म्हणते,
"टाक."