खोकला

दर तीन वर्षांनी माझी परीक्षा असते.
बाकीचा काळ मी परीक्षक :
हरणाच्या मागावर जाणाऱ्यांच्या मागावर जाणारा,
बिनपगारी. पेट्रोलचे पैसे मिळतात,
पावती जोडली तर, आणि तेही उन्हाळा संपता संपता.

पहिलं प्रशिक्षण गावच्या सभागृहात झालं,
चहाच्या पिंपाशेजारी, दोन दिवस.
मला वाटलं, डोंगराबद्दल काही सांगतील.
डोंगराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.
हाताची घडी, तोंडावर बोट, एवढंच शिकवलं,
ज्यांनी जन्मभर बोट दाखवून पोट भरलं त्यांना.
मान हलवायची नाही.
भुवईसुद्धा जागची हलता कामा नये.
एकाने उमेदवाराचं सोंग घेतलं,
खुर्च्यांमधून उलट्या वाऱ्याला सरपटला
आणि माझा हात आपोआप वर गेला.
‘हा हात,’ शिकवणारी बाई म्हणाली, ‘घरी ठेवून येत जा.’

आज ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.
स्कॉटलंडचं हे वरचं टोक, चार वाजता दिवस आवरतं घेतो.
पुढे विटोल्ड, पोटावर. सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला,
त्याच्या कोटाला इथेही खाऱ्या पाण्याचा वास.
त्याच्या टाचांमागे मी, वही प्लास्टिकच्या पिशवीत.
माझ्या टाचांमागे उना गिलीस,
मला तपासायला आलेली, तिचीही वही.
सात वर्षांपूर्वी मी तिला नापास केलं होतं.
टेकडीच्या माथ्यावरच्या हरणावर नेम धरला म्हणून :
मागे माती नव्हती, नुसतं आभाळ, आणि पलीकडे रस्ता.
दोघंही विसरलेलो नाही. बोलत नाही इतकंच.

विटोल्डने गवताची काडी सोडून वारा पाहिला. खूण.
ओढ्याच्या पोटातून गेला, गुडघे भिजवून. खूण.
मग हरणी.
सव्वाशे मीटर, आडवी उभी, मागे ओली काळी माती.
पुस्तकात असते तशी.
फक्त तिच्या डावीकडे, हेदरच्या झुडपात,
एक कान.
पाण्याचा थेंब झटकला आणि पुन्हा झुडूप झाला.

विटोल्डच्या दुर्बिणीत एकटी आई होती.
नियम सरळ आहे : परीक्षकाने थांबवावं, मोठ्याने,
कारण लिहावं, उमेदवार नापास.
त्याची ही दुसरी खेप.
तिसरीला पैसे नाहीत, गाडीत म्हणाला होता,
खिडकीबाहेर बघत, माझ्याशी नसल्यासारखा.
खटका सरकल्याचा आवाज झाला, नखाएवढा.

मी खोकलो.

हरणीने मान वर केली. पाडस उठलं, पाय जुळवले,
आणि दोघं टेकडीआड गेली,
फारशी घाई न करता.
विटोल्डने बंदूक रिकामी केली, वळला,
‘पिल्लू होतं. मला दिसलंच नव्हतं.’
हे वाक्य कुठल्या रकान्यात बसतं,
बावीस वर्षांत मला कोणी सांगितलेलं नाही.

गाडीपाशी उनाने थर्मास उघडला.
‘तो खोकला, खोकला होता का?’
मी म्हटलं, एकाहत्तरावं वर्ष, ओलं गवत, हे दिवस.
ती थांबली. तिला थांबता येतं.
मी नाही शिकवलं; मी नुसतं नापास केलं होतं.
तिने वही माझ्याकडे सरकवली,
कारणांचा रकाना मोकळा.
पेन्सिल भिजलेली, दोनदा उमटलीच नाही.
तिसऱ्यांदा लिहिलं :
खोकला माझाच. सर्दी नव्हती.

विटोल्डचं काय करायचं, ते अजून ठरायचंय.
माझं ठरलं. जानेवारीत पुन्हा दोन दिवस सभागृहात.
पिंप तेच असेल, गळकं.
खुर्च्यांमधून कोणीतरी चुकीच्या बाजूने सरपटेल,
आणि मी हाताची घडी घालून बसेन.
घसा, देवाशपथ,
ठणठणीत आहे.