एकतीस नंबर

रात्री साडेअकराला तिथं संध्याकाळचे सात.
खराडीत, सहाव्या मजल्यावर, मी स्वीडनची आइस हॉकी नोंदवतो:
कोणी कुणाला ढकललं, कोण दोन मिनिटं बाहेर,
चकती कुठून सुटली, कुठं अडली.
फटक्यामागं एक कळ.

माझ्या वाट्याचा संघ तळाचा.
गावाचं नाव मुनीर एक म्हणतो, मी दुसरं,
चूक काढायला कोणी नाही.
सप्टेंबरात लागोपाठ तीन जिंकले, आम्ही भेळ मागवली.
त्यानंतर नाही मागवली.

गोलकीपर एकतीस नंबर.
गोल झाला की खांबावर काठीनं दोनदा टकटक करतो,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं.

पप्पा खडकीच्या फॅक्टरी टीमचे लेफ्ट हाफ.
एका रविवारी मोबाइलवर बघून म्हणाले,
"बॉल दिसेना. आणि हे पडत कसे नाहीत?"
त्यांची स्टिक आता शेवग्याच्या शेंगा पाडते.

मार्चअखेर तिथलं घड्याळ तासभर पुढं गेलं,
माझी शिफ्ट साडेदहावर आली.
शेवटचा सामना. शून्य–चार. लीगमधून खाली.

सगळे आत गेले.
एकतीस नंबर जाळीतला बर्फाचा चुरा
काठीनं सारत राहिला,
उद्या पाहुणे यायचेत जणू.
कॅमेरा कोणी बंद केला नाही.
ह्याला कळ नव्हती.

सकाळी पप्पा झाडाखाली.
"काय झालं रे तुझ्या त्यांचं?"
"उतरले."
"बरंय. खाली गेले की जिंकतील जरा,"
म्हणत त्यांनी स्टिक उगारली.

शेंग हुकली.
माझं बोट आपसूक हललं.