समास

इस्लामपूरच्या शाळेत घोरपडेबाई
वही उघडल्याबरोबर म्हणायच्या, आधी समास.
तांबड्या पेन्सिलीनं, बोटभर, डावीकडे.
तिथं कुणी काही लिहायचं नाही.

मस्कतमध्ये, अडतिसाव्या वर्षी,
मी पुन्हा विद्यार्थिनी.
डॉक्टर झुवैना स्टीलची पट्टी मागून घेतात,
जिभेच्या कडेवरल्या गाठीशी धरतात:
इथून एक सेंटिमीटर. सगळीकडून. खालूनसुद्धा.
हा समास सोडायचा नसतो,
गाठीसोबत घेऊन यायचा असतो.
चांगलं मांस, ज्यानं काही केलेलं नाही.

मुबारक बिन जुमा, वय एकसष्ट, राहणार सूर.
पूर्वी गलबतं बांधायचा. आता पर्यटकांसाठी
हातभर लांबीची बांधतो, काचेच्या पेटीत मावणारी.
आदल्या संध्याकाळी संमतीचा कागद घेऊन गेले
तर विचारतो, चांगलं किती कापणार?
मी बोटांत अंतर धरून दाखवलं.
म्हणाला, सागवान मलबारहून यायचं.
कुजक्या फळीशेजारची चांगली फळी
मी आयुष्यात फेकली नाही.
मग सही केली,

आणि माझा उच्चार सुधारायला बसला.
राउंडला मी रोज 'मरीद' म्हणायचे, रुग्ण या अर्थी,
अख्खा वॉर्ड ओठ दाबून ऐकायचा.
ते अक्षर आमच्या द आणि ड यांच्या मधल्या
कुठल्यातरी बोळात राहतं.
जिभेची कड दाढांना टेकव. टोक नाही, कड.
मशिदीत पोरांना असंच शिकवतो मी.
त्यानं तोंड उघडून दाखवलं.
डाव्या कडेनं म्हणायचा तो.
गाठ तिथंच होती.

आज सुरी माझ्या हातात.
झुवैना समोर, त्यांची तर्जनी माझ्या मनगटावर,
वजन नसल्यासारखी.
शुवय्या, म्हणतात. थोडं.
त्यांचं शुवय्या कधी थांब असतं, कधी आणखी.
दीड वर्षानंतर फरक कळायला लागलाय,
मास्कच्या वरच्या सुरकुतीवरून.

तुकडा निघाला. आखूड टाका वरच्या बाजूला,
लांब टाका बाहेरच्या,
म्हणजे पलीकडच्या खोलीत डॉक्टर इद्रीसना कळावं
याचं आकाश कुठं होतं.
वीस मिनिटं. हातमोज्यातले हात छातीशी धरून उभ्या आम्ही.
सिस्टर लिसम्मा घुब्रातल्या घरभाड्याबद्दल बोलत राहिली,
कुणीच तिला थांबवलं नाही.
फोन: पुढं मोकळं. मागं मोकळं. वर मोकळं.
खोलात चार मिलिमीटर.

चार म्हणजे जवळ.
शुवय्या, झुवैना म्हणाल्या,
आणि मी आणखी घेतलं.

रात्री रुवीच्या खोलीवर, खाली शिंप्याचं मशीन चालू,
लॉगबुक भरलं. केस एकशे बारा.
रकाने तीन: सहाय्यक, देखरेखीखाली, स्वतः.
मधल्यात खूण केली.
कुठलं अक्षर गेलं, याला रकाना नाही.
समासात जागा होती. बाई आठवल्या. सोडून दिली.

सहाव्या आठवड्यात, रेडिएशन सुरू व्हायच्या आधी,
तो आला. मुलगी शम्सा, तिच्या हातात काहव्याचा थर्मास.
मनगटाची कातडी जिभेवर रुजली होती,
तिच्यावर बारीक केससुद्धा फुटले होते.
मी टॉर्च मारला, टाके पाहिले, मान चाचपली,
नोंद केली: भरतंय.
त्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला,
आणि म्हणाला, मरीद.
माझ्यासारखंच. मऊ, चुकीचं.
शम्सा जमिनीकडे बघू लागली.

काही सुचेना, म्हणून मीही म्हटलं, मरीद,
आणि कड दाढेला लागली,
पहिल्यांदा, नेमकी,
नको त्या वेळी.

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला.
मग बोट वर करून
पोरांना करत असेल तशी खूण केली:
परत.