परत येण्याचा पुरावा

खानापूरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान.
झेरॉक्स, उतारे, अफिडेव्हिट.
फेब्रुवारीत लुमाण्णा वाजंत्री
पोर्तुगालच्या महोत्सवाचं पत्र घेऊन आला
आणि जाताना मला मॅनेजर करून गेला.

चौघांचा ताफा. लुमाण्णाची सनई,
निंगाप्पाचा संबळ, भाचा झांजेला,
आणि भावकू. भावकू सूर धरतो.
एकच स्वर.
वरात दारात येऊन नवरी उंबरा ओलांडेस्तोवर
गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत,
तोच, न तुटता.

शाळेच्या दाखल्यावर मराठीत तो भावकाण्णा,
रेशनकार्डावर कन्नडात भावकप्पा,
आधारला इंग्रजीत नुसता भावकू,
आणि आडनावाच्या जागी गाव.
जन्म बेळगावचा, पासपोर्ट बेळगावीचा.
खिडकीतल्या बाईंनी विचारलं, ही दोन शहरं आहेत का?
नाही मॅडम, म्हटलं, एकच आहे.
तसं शंभराच्या स्टँपवर लिहून दिलं.
(आमच्याकडे हे कुणी इतक्या सहज लिहून देत नाही.)

मग संबळाच्या कातड्याचा दाखला.
गुरांच्या डॉक्टरांनी संबळ उलटसुलट केला,
टिचकी मारली, कान लावला, आणि लिहिलं:
'तपासणीवेळी बकरा मृत होता.'

लुमाण्णाच्या पासबुकात लग्नसराईत पैसे येतात
आणि आषाढात खातं निजतं.
सहा महिन्यांचा उतारा काढला तर
एखाद्या तापकऱ्याच्या तक्त्यासारखा.
'व्यवसाय' या रकान्यात काय घालू विचारलं,
तर म्हणाला, आडनाव वाचंनात व्हय ते?

रात्रीच्या गाडीनं बंगळूर.
भावकूची बोटं मशीनला उमटेनात,
वीटभट्टीनं रेषा कधीच्या खाल्लेल्या.
तिथली पोरगी चांगली होती. ओला रुमाल दिला,
सातव्यांदा उमटली.

तीन शिक्के आले.
भावकूच्या पाकिटात एक छापील कागद,
दोन चौकोनांत फुल्या:
ताफ्यातली भूमिका अत्यावश्यक दिसत नाही.
मुदतीनंतर परत जाण्याचा इरादा सिद्ध होत नाही.

शटर अर्धं ओढून अपील लिहायला बसलो.
'महोदय, सदर कलाकार एकच स्वर वाजवतो'
एवढं टाईप केलं आणि खोडलं.
हेच तर त्यांचं म्हणणं.
पुन्हा लिहिलं: 'महोदय, सदर स्वर थांबल्यास
उर्वरित तिघे हरवतील'
आणि घाईघाईनं तेही खोडलं,
तिघांचेही शिक्के गेले असते.

भावकू बाकावर, पुढ्यात भज्यांचा कागद.
'मी परत येणार न्हाई म्हणूलालेत व्हय?'
होय, म्हटलं.
तो बराच वेळ चावत राहिला.
'लुमाण्णा जातोय की वर, खाली, कुठं कुठं.
फिरून येतोय ते माझ्यावरच न्हवं?
मी कवा हललो?'

हे इंग्रजीत कसं घालावं मला सुचलं नाही.
घातलं असतं तरी
अपिलाला तीस दिवस, कार्यक्रमाला अकरा.
चौथं तिकीट रद्द केलं.
एकोणसाठ हजारांतले अठराशे परत आले.

लुमाण्णानं शहापुरातून बॅटरीवरची सुरपेटी आणली.
तिला कातडं नाही, बोटं नाहीत,
व्हिसा लागत नाही, नुसतं बिल.
निघायच्या आदल्या रात्री माझ्याच दुकानात
भावकूनं ती जुळवून दिली.
डोळे मिटून, पेटीला कान चिकटवून,
'अजून जरा खाली घे,' म्हणत,
'अजून जरा.
हां. आता सोड.'